खिडकीतल्या बाईबद्दल खुलासा

मी, प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्याची बायको, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी, रुग्णालयाच्या धुलाई विभागात, सध्या राहणार धाकट्या बहिणीकडे, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी जिवंत आहे. माझ्या पतीने मला कोंडून ठेवलेलं नाही व माझं काही बरंवाईट केलेलं नाही. काल संध्याकाळपासून त्यांना इथे बसवून ठेवलं आहे. त्यांना सोडावं म्हणून मी अर्धी ड्युटी टाकून आले आहे.

समोरच्या इमारतीतल्या बाईंची तक्रार अशी की, आमच्या खिडकीत रोज साडेसातला एक बाई दिसते, ती हसते पण हलत नाही, हात केला तरी हात करत नाही. त्यांचं बरोबर आहे. ती बाई म्हणजे नुसता उजेड आहे.

हवालदारांनी विचारल्यावरून सांगते. एक पातळ पांढरा पडदा मोटरवर गरागरा फिरतो आणि खालून प्रोजेक्टर त्यावर माझ्या डोक्याचे काप टाकतो, पावाचे पाडतात तसे. डोळ्यातला आधीचा काप विझायच्या आत पुढचा येतो, म्हणून सबंध डोकं हवेत उभं दिसतं. मागे जाऊन बघितलं तर अंबाडाही दिसतो. यात सहा वर्षं गेली. फोटोंसाठी मला चार रविवार फिरत्या स्टुलावर बसवलं होतं. 'हसू सोडू नकोस,' एवढंच ते बोलत. गाल दुखायचे.

पाच महिन्यांपूर्वी मी कामावरून आले तेव्हा ते डोकं पहिल्यांदा सबंध उभं राहिलं होतं. पती त्याच्याकडे बघत होते. मी चहा टाकू का विचारलं. वळून न बघता ते म्हणाले, 'जरा बाजूला हो, उजेड अडतोय.' मी बाजूला झाले. बॅग भरली, चावी शेगडीजवळ ठेवली आणि बहिणीकडे आले. भांडण झालेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, मल्टिमीटर कुठे ठेवलास म्हणून. तो टेबलाखालच्या खोक्यात होता, तसं सांगितलं.

बायको कुठे आहे याचा पत्ता त्यांना देता आला नाही, यावरून संशय वाढला असं समजलं. त्यात संशयासारखं काही नाही. माझ्या बहिणीचा पत्ता त्यांना आधीही माहीत नव्हता.

ओळख पटवण्यासाठी तक्रारदार बाईंना बोलावलं. त्या तीन महिन्यांपूर्वी राहायला आल्या, आमची गाठ कधी पडलेली नाही. मला नीट न्याहाळून त्या म्हणाल्या, 'ह्या नव्हेत हो त्या. त्या किती हसऱ्या आहेत.' मग मी रुग्णालयाचं ओळखपत्र दाखवलं.

नंतर पतीला समोर आणलं. 'बारीक झालीस,' म्हणाले. मग म्हणाले, 'यांना सांग, मशीन नेऊ नका म्हणावं. मी तिच्यासमोर बसून जेवतो.' एकोणीस वर्षं मी ताट वाढून हाका मारायच्या आणि त्यांनी आतून 'आलोच' म्हणायचं. आता साडेसातला जेवतात. हे ऐकून मला राग आला, आणि वाईटही वाटलं.

माझी पतीविरुद्ध तक्रार नाही. घरी जाणार का, असं साहेबांनी विचारलं. नाही. मशीन बंद करायला लावायचं का, असंही विचारलं. राहू दे चालू, माणूस वेळेवर जेवतो तरी. फक्त ती बाई मी नव्हे, एवढं स्पष्ट लिहून घ्यावं.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे, म्हणून खाली सही करते.