अकरा पिल्लं आन् वरची घार

...आन् वरून कारभारीण मलाच इचारती, "तुमी काय करीत होता?" काय करीत होतो म्हंजे? बघत होतो! वीस-बावीस दिस दुसरं केलं काय मी? पर तुमाला सांगतो मंडळी, देवानं माणसाला मान दिली एक, आता त्या माणसानं वर बघावं का खाली बघावं?

बसा, च्या घ्या. आन् मी तुमच्याकडं न बघता आभाळाकडं बघून बोलतोय म्हणून राग मानू नका, त्याचं कारण म्होरं येतंय. मी धुळाजी, ह्याच चकलांब्याचा, आख्खी हयात मेंढरामागं गेली. तीनशे मेंढरं घेऊन गोदाकाठ पालथा घातला, लांडग्याच्या जबड्यातनं कोकरू वढून काढलंय, हे बघा मनगटावर दात हायत आजून. लांडगा बरा हो! भुईवरनं येतो, कुत्रं भुकतं, मेंढरं कान टवकारतेत, समद्यांला कळतं पाव्हणा आलाय. आन् ही घार? ना आवाज, ना वास, नुसती एक सावली सुटती आन् सावली दिसस्तवर काम झालेलं आसतं.

तर झालं आसं, गुडघे गेले, चराईची रानं उसाखाली गेली, दोन साल झाले मेंढरं इकून टाकली. दारात उरलं मेंढरामागचं कुत्रं आन् एक कोंबडी. ती आमच्या कारभारणीची, सत्यभामेची. कोंबडी खुडूक झाली, हिनं तिला टोपल्यात अंड्यावर बसवली, एकवीस दिस घरात मला खोकू दिलं न्हाई, आन् निघाली पिल्लं अकरा. हिनं पिल्लं अशी काय न्याहाळली म्हणता, मेंढरं गेल्यापास्नं मी तिचं तसलं तोंड बघितलं नव्हतं. आन् तिसऱ्या दिशी तेलगावहून सांगावा... आमच्या लेकीचे, उज्ज्वलाचे, दिवस भरलेत, तिच्या सासूचा पाय मोडलाय, आईला लावून द्या. हिनं पिशवी भरली, यष्टीच्या पायरीवर पाय ठिवला आन् म्हणली, "अकरा हायत. मोजून घ्या."

मोजून घ्या! तीनशे मेंढरं खुरांच्या आवाजावर मोजणाऱ्या माणसाला! म्या म्हणलं, जा गं, अकरा पिल्लं म्हंजे माझ्या डाव्या डोळ्याचं काम. घरी आलो, वट्यावर बसलो, तंबाकू मळली, थाप मारायला खाली बघितलं, वरनं सावली, चिव करून एवढासा आवाज... दहा. कुत्र्याला म्हणलं, बे, तू कावून गप? पर त्याची तरी काय चूक? त्याला लांडगा ठावा. त्यानं जल्मात कधी वर बघितलेलं न्हाई.

दुसऱ्या दिशी गोफण काढली. घार बसलेली शंकरप्पाच्या माडीवर. शंकरप्पा म्हंजे आमचा किराणावाला वाणी, कपाळाला इभूत, लई सोज्वळ माणूस. त्यानं औंदा माडीवर ती मोठी छत्री बसवली, टीव्हीची, आन् आख्ख्या आळीला वायरी दिल्या. त्या छत्रीच्या काठावर बसून घार माझ्याकडं बघती, जशी काय मीच तिच्या आंगणात उभा हाय. गोफण गरकन फिरवली, दगूड सोडला, घार उडाली. छत्रीला उडता येत न्हाई. सांच्याला आळीतल्या समद्या बाया माझ्या दारात, म्होरं छबुबाई. म्हणती कशी, "धुळाजीबुवा, त्या सुनंनं आताच घराचा उंबरा वलांडला होता, तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या." आता मला कुणाची सून, कुठला उंबरा! शंकरप्पा मातर हात जोडून आला. शिव्या परवडल्या, त्याचं गोड बोलणं परवडत न्हाई. "धुळाजी, घार वर बसली होती हो, छत्री खाली होती." हे बी मलाच सांगतेत! वर आन् खाली!

पर इलाज त्यानंच दिला. क्यासेटीची फीत आंगणावर ताणा म्हणला, उन्हात चमकती, वाऱ्यावर गुणगुणती, पाखरू फिरकत न्हाई. जुन्या भजनाच्या दोन क्यासेटी बी दिल्या. दोन दिस बरे गेले. तिसऱ्या दिशी फीत गायब. बघतो तर लिंबाच्या शेंड्याला घारीचं घरटं झगमग झगमग करतंय, लग्नाच्या मांडवावानी! आन् वऱ्हाडाच्या जेवणाला माझ्याकडची दोन पिल्लं गेलेली. ऱ्हायली आठ.

मंग छबुबाईनं अक्कल शिकवली. बाजारात पिल्लं रंगवून आणतेत ती कावून? घारीला वळखू येऊ नयेत म्हणून. मला पटलं. घरात मेंढरांच्या पाठीवर खूण मारायचा लाल रंग पडूनच होता. आठी पिल्लं बुचकळून काढली. घार दोनदा फिरली, बघितलं, निघून गेली. म्या मांडी ठोकली. पर जशी घारीला वळखू आली न्हाईत तशी कोंबडीला बी न्हाईत. पिल्लू जवळ आलं की टोच! स्वताच्या लेकरांना!

आता हितं माझं शहाणपण आडवं आलं. मेंढरात कसं आसतं, मेंढीनं कोकरू जवळ घेतलं न्हाई तर तिला खुंट्याला बांधायची, कोकरू आंगाला लावायचं, दोन दिसांत वळखती. चाळीस वर्सं हेच केलं, एक कोकरू उपाशी मरू दिलं न्हाई. म्हणून म्या कोंबडीच्या पायाला दोरी लावली आन् तिला बी खुंट्याला बांधली. हसा, हसा... कोंबडी काय पाजती व्हय, हे आता मला बी कळतंय. पिल्लं आंगणभर, आई खुंट्याला. भर दुपारी सावली आली. कोंबडी जिवाच्या आकांतानं वरडली, पंख पसरले, म्हंजे तेवढ्यात तिनं पिल्लं वळखली होती बरं का, आन् दोरीचा हिसका बसून तोंडावर पडली. तिच्या पंखाखाली एक बी पोचलं न्हाई. मी धावत जाऊन गाठ सोडस्तवर घार आन् तिचा नर दोन-दोन फेऱ्या मारून गेले. दोरी सुटली तरी कोंबडी हालली न्हाई, माझ्याकडं बघत ऱ्हायली. मेंढी आसं बघत न्हाई हो.

उरली चार. त्या दिशी ठरवलं, आता कुणाची अक्कल नको. आंगणात बाज टाकली, काठी घेतली, तोंड आभाळाकडं, ते बारा दिस! भाकरी खाल्ली ती वर बघत, पाणी प्यालो ते वर बघत. घारीची छाती झाली न्हाई खाली यायची. आन् खालनं, माझ्याच बाजंखालनं, मुंगसानं तीन नेली. तुमी म्हणाल, कुत्रं काय करीत होतं? मला बघून ते बी वर बघायला शिकलं होतं!

आता सांगा, माणसानं वर बघावं का खाली बघावं?

परवा यष्टी आली. सत्यभामा, लेक, लेकीच्या कुशीत नातू. हिनं पिशवी बी खाली ठिवली न्हाई. डालं उचलून बघितलं, खुराड्यात हात घालून बघितला. म्या बंडीच्या खिशातनं लाल पिल्लू काढलं आन् तिच्या हातावर ठिवलं. चार दिस मी त्याला खिशातच राखलं होतं.

म्हणली, "बाकीची?"

म्या वर बघितलं. म्हंजे बघितलं काय, मान वरच आडकलेली हाय, बारा दिसापास्नं. ती समजली मी देवाकडं बोट दावतोय. तवाच ती म्हणली, तुमी काय करीत होता. वरडली आसती तर बरं झालं आसतं. पिल्लू पदरात घेतलं आन् आत गेली.

मंग उज्ज्वलानं नातू माझ्या मांडीवर ठिवला. आबा, बघा तरी, म्हणली. लई जोर लावला, मान खाली जाईना. बोटानं चाचपलं, नाक हाय, कान हायत. आख्खी आळी येऊन बघून गेली. समदे म्हणतेत, पोरगं थेट धुळाजीवर गेलंय. आसंल बाबा. म्या आजून बघितलेलं न्हाई. घार कशी दिसती ते इचारा, पिसापिसाचं सांगतो.