मागचं इंजिन

करवंदांची पाटी घेऊन कर्जतच्या फलाटावर बसलेली चिमा शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकत होती. नवरा पुण्याला शिकायला निघाला होता.

"मागं आनिक एक इंजिन कशाला वो?"

"घाटात गाडीच्या वजनाचा एक भाग रुळांना दाबतो, दुसरा गाडीला मागं खेचतो. म्हणून."

"पर मागचं तर बारकं हाय."

"असू दे. दोघांची दिशा एकच, म्हणून जोराची बेरीज होते."

"मंग ते बी पुण्याला जातं?"

"नाय गं. खंडाळ्याला सोडतात. एकटंच परत येतं."

गाडी सुटली. नवऱ्याची खिडकी दिसेनाशी झाली, तरी बायको मागच्या इंजिनाकडंच बघत उभी होती.

"मावशी, ते परत कवा येतं?"

चिमानं पाटी सरकवून तिला बसायला जागा केली.