खडीवरच्या बायांचं हॅज

माझं माहेर सास्तूरकडलं, आन दिलं मला परंड्याच्या बाजूला. आमी बौद्ध. वडील म्हणायचे पोरीनं शिकलंच पायजे, म्हणून लगीन व्हईस्तोवर शाळेत गेले, पर मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले. मग दुष्काळ पडला, काय सांगू तुमाला, हिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचो आमी, आन सरकारनं रस्त्याचं काम काढलं तवा घरातली समदी खडी फोडायला.

मला नर्स व्हायचं व्हतं. धाराशिवला ट्रेनिंग व्हतं, पर मॅट्रिक पास पायजे. मालक म्हणले, बस आणखी एकदा परीक्षेला, ह्या खेपी न्हाय निघालीस तर पुन्हा नाव काढायचं न्हाय. तेवढी एकच खेप व्हती माझी.

मग खडी फोडता फोडता तोंडानं चालू, आय हॅव, यू हॅव. टोळीत ठकूमावशी व्हती, अंगठेबहाद्दर, पर तिला त्यो नाद आवडला, हातुड्याच्या ठोक्याला ती बी हॅव म्हणाया लागली, आन तिच्या मागं समद्या जणी. तिथंच घोटाळा झाला बगा. शी हॅव, ही हॅव, ठोक्यात झ्याक बसायचं ते, आन माझ्या जिभेला बी तेच बसलं. गावातल्या गुर्जींनी एकदा म्हणून घेतलं, तर म्हणले, बाई, आशानं पुन्हा पडशील, शी म्हणलं की हॅज.

मला रडूच आलं. परीक्षा तोंडावर, आन दिसभर कानात तेच हॅव. मावशी म्हणली, रडतीस कशाला, आमी बिघडवलं, आमीच नीट करतो. दुसऱ्या दिसापासनं शी आलं की समद्या हातुडा वरच धरायच्या, हॅज म्हणून मगच खाली. मी चुकले की मावशी माझा हात धरायची. काम खोळंबायचं, मुकादम वरडायचा, हजेरी कापीन, तर मावशी म्हणायची, काप, आमची पोर चुकती हितं. कापली बी त्यानं. घरात दाणा न्हाय आन माझ्यापायी हजेरी कापून घेतली त्यांनी, लई जड जातंय हे सांगताना.

निकाल लागला. पळतच खडीवर गेले, म्हणलं, मावशी, पास झाले. तिनं हातुडा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आन टोळीला वरडून सांगितलं, बायांनो, आपण पास झालो.

नर्स झाले, गावोगाव बाळंतपणं केली, आता पेन्शन खाते. त्या टोळीतलं कुणी ऱ्हायलं न्हाय. लोक म्हणत्यात, बाई लई हुशार, तवा मला कसंतरीच व्हतं. सर्टिफिकेटावर नाव माझं एकटीचंच हाय, जागाच तेवढी ठेवत्यात ते. टोळीतल्या बायांच्या नाती शिकत्यात आता. समद्या पास व्हऊ द्या, बाई.