फळ्यासमोरच्या दोन खुर्च्या

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक बंधुभगिनींनो, पालकहो, विद्यार्थी मित्रांनो आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या इंग्रजीच्या बाई,

मुख्याध्यापकानं थोडक्यात बोलावं अशी सूचना आहे. प्रयत्न करतो.

काही वर्षांपूर्वी बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, पहिल्या बाकापर्यंतही न पोचणारी. जिला बोलता येत नाही ती शिकवणार काय? हा प्रश्न संस्थेनं विचारला, आणि खरं सांगायचं तर तो गैर नव्हता. बाईंना घरी पाठवायचं जवळजवळ ठरलंच होतं. तरी एकदा तास पाहू, म्हणून आपले अध्यक्ष स्वतः वर्गात आले.

त्या दिवशी इंग्रजीतला प्रश्न कसा करायचा, हे चाललं होतं. आपलं बरं असतं. 'तो घरी आहे' हे जरा सूर चढवून म्हटलं की झाला प्रश्न! इंग्रजीत तेवढ्यानं भागत नाही. तिथे क्रियापदाला उठून कर्त्याच्या पुढे जाऊन बसावं लागतं. 'ही इज ॲट होम'चं 'इज ही ॲट होम' होतं. त्यासाठी बाईंनी फळ्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक कर्त्याची, एक क्रियापदाची. बाईंनी टाळी वाजवली की दोघांनी जागा बदलायच्या आणि वर्गानं नवं वाक्य म्हणायचं.

आता अध्यक्षांना यातलं काय ठाऊक? रिकामी खुर्ची दिसली, बसले. ती नेमकी क्रियापदाची निघाली. टाळी वाजली. कर्ता झालेली मुलगी उठून म्हणाली, "सर, उठा ना, प्रश्न आलाय. तुम्ही इकडे." अध्यक्ष उठले. पुन्हा टाळी, पुन्हा उठले. तास संपेपर्यंत त्यांची उठबस चालली होती आणि मी दारात उभा राहून घाम पुसत होतो. अध्यक्ष आत्ता हसताहेत, म्हणजे पुढे बोलायला हरकत नाही.

शेवटी दम खात त्यांनी त्या मुलीला विचारलं, "बाई बोलत नाहीत, तुमचं अडत नाही का गं?"

"अडतं ना. मग आम्हीच बोलतो. पूर्वी एकट्या बाईच बोलायच्या."

अध्यक्ष बाहेर आले आणि मला एवढंच म्हणाले, "राहू द्या यांना."

बाई राहिल्या. मी काही हळवा माणूस नाही, पण उद्या त्यांचा वर्ग दुसरं कुणी घेईल, याचं मला वाईट वाटतंय.

आज सकाळी बाईंनी मला बाजूला घेतलं आणि कुजबुजल्या, "एक गोष्ट नक्की सांगा. आवाज गेला म्हणून बाई गेल्या, असं कुणी म्हणायला नको. वय झालं म्हणून चाललेय."

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं.

"शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवं, सर."

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. अध्यक्षांची थट्टा झाली, कुणाचा उल्लेख राहिला, तर पोटात घालावं. आणि शेवटच्या रांगेतल्या मंडळींनो, नीट ऐकू आलं ना? बाई आपली नोकरी पूर्ण करून चालल्या आहेत.