नवी काच

नाय नाय, चार्जिंगचा काय संबंध, दादा — ते भरपूर हाय. मागच्या हप्त्यात तुमीच काच बदलून दिली, तवापासून हे चाललंय. बघा, तुमच्यासमोरच लावते — हा शेवटचा नंबर, छावणी भागातल्या विहीणबाईंचा — म्हंजे होणाऱ्या. त्या काय उचलायच्या नाहीत, चार दिवस झाले उचलत नाहीत. हां — झाली ना काळी? फोन लावला का काळी. मग बटन दिसत नाय, बंद करावा कसा? राहू द्या तिथंच टेबलावर, वाजून वाजून थांबंल.

पडला? नाय. पाण्यात? नाय, फुलंब्रीहून रुमालात गुंडाळून आणलाय. सेन्सर? ते काय असतं? — अस्सं, फोन कानाला लावला का काच विझवायचं काम त्याचं. मग हा कानाला लावायच्या आधीच का विझवतोय? याच्यापायी माझ्या अतुलचं ठरलेलं लग्न अडकलंय, दादा. विहीणबाईंशी गोड बोलले, काच काळी दिसली, म्हटलं झाला बंद — आन् आमच्या ह्यांना म्हणाले, पोरगी तनुजा लई गुणाची, पण आई सगळ्यात नाक खुपसती. फोन चालूच. रविवारी सुपारी फोडायची, आन् तिकडून चिडीचूप.

खोटं नाय बोलले म्हणा. आमी पोरगी बघायला गेलो तर पोरीपेक्षा आईच जास्त बोलायची. पोराला चष्मा हाय का, पोरगा घरात बी टोपी का घालतो — आता काय सांगू? स्थळ म्हणून धाडलेला फोटो चार वर्षांपूर्वीचा, तवा केस होते. लग्नात काय, फेटाच असतो डोक्यावर, म्हटलं निभावून जाईल. हसू नका.

खरं सांगू का, मला त्या बाईचा राग नाय, हेवा वाटतो. लेकीसाठी एवढं खोदून विचारती. माझ्या लग्नात माझ्या आईला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. आन् नंतर बी, मी माहेरी चिठ्ठी लिहिली तर सासू आधी वाचायची. तनुजानं आमच्या घरातून दिवसातून दहादा आईला फोन करावा, मी दाराआड उभी राहणार नाय — एवढंच त्यांना सांगायचंय, पण उचलतील तवा ना.

काय म्हणता? वर लाल काय? कुंकू हाय ते. नवी काच बसली म्हणून देवापुढं ठेवून हळद-कुंकू लावलं — नव्या गाडीला लावत नाय का आपण? मधोमध, त्या बारक्या भोकावर, मला वाटलं ती जागा त्याच्यासाठीच हाय. म्हंजे — त्याचाच डोळा झाकला मी? अन् आल्यापासून तुमच्या नावानं बोंबलतीय. पुसा, पुसा. हा पदर घ्या.

पेटली की. आन् हे आकडे काय पळतायत? चार मिनिटं — कशाची चार मिनिटं? द्या इकडं.

हॅलो... विहीणबाई? कधी उचलला? ... म्हंजे टोपीचं बी ऐकलंत? ... व्हय. ... व्हय, रविवारी टोपी काढूनच आणते त्याला. ... रडू नका हो, मला बी मग —

दादा, तुमी जरा दुकानाबाहेर थांबा.