पाठ झालेला तक्ता

...आता मले सांगा, लेकरू रोज दाराच्या चौकटीले धडकते, पाण्याचा गिलास चाचपून उचलते, आन् सगळे मलेच म्हणतात, "फूल आहे न तिच्या डोळ्यात, त्याच्यानंच असंल!" अवो, गोवरात फूल पडलं, पांढरा डाग, ते उजव्या डोळ्यात! डावा तर चांगला होता न नलूचा? पण ऐकते कोण! सासूबाई म्हणतात, "फूल पसरून राह्यलं." आमचे हे म्हणतात, "तू लय इचार करतं." वडनेरहून एस.टी.नं वर्ध्याले नेली, तर डॉक्टरही तेच, "फूल आहे न बाई..."

चूक माझीच, तुम्हाले सांगते. पयल्या खेपेले नलू तक्त्यावरची अक्षरं वाचताना अडखळली, तर कंपाउंडर माझ्याकडं पाहून म्हणतो कसा, "घरी अक्षरं नाई शिकवले का लेकराले?" मले! त्र्याहत्तरच्या मॅट्रिक पास बाईले! झोंबलं न... त्याची पाठ वळली तसा अख्खा तक्ता कागदावर उतरवून घेतला, घरी कॅलेंडरच्या मागं काढला, आन् रोज सकाळी चुलीपाशी पोरीकडून घोटून घेतला. मंग काय! पुढच्या तिन्ही खेपेले उजवा डोळा झाकला की खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड! डॉक्टर खूश, "डावा एकदम चांगला." मीही खूश. आन् घरी आलं की चौकट... धाडकन्! काऊन धडकते मंग? "फूल आहे न..."

मागच्या हप्त्यात वर्ध्याले नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, आन् दुसराच तक्ता टांगला. नलूनं पयलाच म्हणून दाखवला. पुरा. एकही अक्षर चुकली नाई!

मंग बाईंनी थेंब टाकून, बॅटरी लावून आत पाह्यलं. लय वेळ. "फुलाचा काही संबंध नाही. डाव्या डोळ्याची आतली नस सुकते आहे. सहा महिने आधी कळलं असतं तर..." बाईंनी बॅटरी बंद केली. "आता उरली तेवढी नजर राखू."

येताना एस.टी.त नलू मांडीवर. "आई वो, मी पास झाली न?"

"हो."

"मंग बाईंचा नवा तक्ता कधी शिकवतं?"

काय सांगू बाप्पा... नवा तक्ता नाई शिकवला. चुलीपासून उंबरठा सात पावलं, तिथून रांजण चार, एवढंच शिकवलं. दोन दिवसांत पाठ! आता चौकटीले धडकत नाई. सासूबाई म्हणतात, पोरगी हुशार आहे, मायवर गेली.