मागच्या सीटची ट्रायल

हसाल, पण सांगतो. बायको गेल्यापासून माझ्या जुन्या मोटरसायकलवर मागे कोणी बसलेलंच नाही, हे मला कसब्यातल्या आमच्या मेकॅनिकमुळे कळलं. मागचे फुटरेस्ट उघडायला गेला, तर गंजून जाम!

म्हणाला, "काका, हे काढून टाकू. सिंगल सीट बसवतो, झकास दिसेल."

"नको. आहेत तेच मोकळे कर."

तेल घालून, ठोकून त्याने ते मोकळे केले. "वजन घेतात का बघू," म्हणत स्वतःच मागे बसला. "कोपऱ्यापर्यंत चला."

कोपरा गेला, पूलही गेला. मागून तो ओरडला, "अहो, हळू! निघालात कुठे?"

चार वर्षांनी मागून कोणीतरी 'अहो, हळू' म्हणालं होतं. ते पुन्हा ऐकायला मी पार येरवड्यापर्यंत गाडी पिळली.